बूथ क्रमांक एकशे बारा

यादी कन्नडात आहे.
नावं मी मराठीत पुकारतो.

सकाळी सातपासनं
खानापूर रस्त्यावरच्या शाळेत, दुसरीच्या बुटक्या बाकावर
गुडघे पोटाशी घेऊन बसलोय.
पाठीमागं भिंतीवर आमच्या वेळची बाराखडी,
तिच्यावर पिवळा रंग, रंगावर त्यांची बाराखडी.
ओल धरली की दोन्ही 'क'
एकमेकांतनं डोकावतात.

शेजारी बसवंत हुक्केरी, पलीकडच्या पक्षाचा.
माझं पेन आठालाच संपलं,
तेव्हापासनं दोघं त्याच्याच पेनानं खुणा करतोय.

भरमू घाडी आला.
त्याला विचारायचं कशाला?
त्याचा आज्जा हिंडलग्याच्या तुरुंगात सतरा दिवस होता.
त्या घरात भाताच्या पोत्यांचा हिशेब चुकेल,
सतराचा नाही.
मी तीन मोजायच्या आत आतनं 'पीं' झालं.
तिकडं बटण दाबतात तेसुद्धा
पायातली चप्पल काढल्यासारखं, न बघता.

मग सातव्वा कुरंगी, काठी टेकत.
"आमच्यात ह्यांनाच घालतात," ती दारातच म्हणाली,
गौरीला कुठली भाजी, ते सांगावं तसं.
अधिकारी ओरडला, गुप्त, आज्जी, गुप्त!
ती म्हणाली, गुप्त काय त्यात, सगळ्या गल्लीला ठाऊक हाय.

बसवंत हसला. मीही.
त्याच्याकडंही अशाच सातव्वा आहेत,
फक्त भाजी वेगळी.

माझी आई सौंदत्तीकडची.
चिडली की कन्नड, देवापुढं दोन्ही,
हिशेब मात्र बोटांवर, मुक्यानं.
चाळीस वर्षं तिनं समितीला मत दिलं.
एकदा विचारलं, का गं?
म्हणाली, लग्नात नाव बदललं,
मग हे कशाला मागं ठेवू?
तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.
आता नक्की काय वाटतं, सांगता येत नाही.

दुपारी बसवंतानं डबा उघडला.
शेंगाचटणीवर माझी भाकरी मोडली.
तो म्हणाला, आमच्यात 'मत' म्हटलं की
मतदानाचंही मत, आणि धर्मसुद्धा. एकच शब्द.
मी म्हटलं, आमच्यात धर्म नाही होत.
खरं घास चावता चावता थांबलो.
आज्जा, सतरा दिवस, काळ्या फिती,
दरवर्षीचा तोच मोर्चा, तीच घोषणा, तोच घसा,
आणि सोळा वर्षं पडणारा आमचा उमेदवार,
त्याच्यासाठी सोळा वर्षं ह्या बाकावर मी.
मग हे काय होतं?

तीन वाजता अक्षता आली.
माझी पोरगी. पहिलंच मत.
यादी तिनं स्वतःच वाचली, उलट्या बाजूनं,
नावातलं चुकलेलं अक्षर बोट ठेवून दाखवलं,
अधिकाऱ्याशी कन्नडात बोलली,
थेट माझ्या आईच्या आवाजात.
शाई लावून घेतली. पुठ्ठ्याआड गेली.

एक. दोन. तीन.
आमच्या घरातलं 'पीं' इथं व्हायला पाहिजे होतं.

चार.
रस्ता? नोकरी? तिचा कॉलेजातला कोण तो
मंजुनाथ?
सात.
का नुसतीच वाचत उभी आहे सगळी नावं,
आमच्यातलं कुणी कधी वाचली नाहीत तशी?
नऊ.
बसवंत खिडकीबाहेर बघत होता.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

अकराला वाजलं.

बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, जेवलास?"
म्हटलं, व्हय.
गेली.

सहाला यंत्राला सील लागलं.
कागदावर बसवंतानं कन्नडात सही केली,
मी मराठीत. हात आपोआप वळला.
घरी जाऊन तिला विचारणार नाही.
आईला एकदा विचारलं होतं, तेवढं पुरे.

यादीत तिच्या नावापुढं एक खूण आहे,
उसन्या पेनाची, निळी.
मला माहीत आहे ते एवढंच.